सरपंचबाईंचा पासवर्ड

अन्याय झाला तो आमच्या सरपंच सुमनताईंवर, माझा वसतिगृहाचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तीन वाजता. शिक्क्याच्या शाईचा वास आला की संग्रामपूरजवळचं ते ग्रामपंचायतीचं ऑफिस आजही डोळ्यांपुढे येतं. माझा रहिवासी दाखला काढायला ताई कॉम्प्युटरसमोर बसल्या, पण दाखल्यांच्या पोर्टलचा, ताईंच्याच नावाचा पासवर्ड फक्त त्यांच्या नवऱ्याला माहीत. त्यांनी फोन लावला.

"मी खामगावात हाओ. तुले काऊन पाह्यजे? उद्या पाहू."

शिपाई हसत म्हणाला, "बाई, तुमी सही करा, बाकी भाऊ पाह्यतात." मीही हसले.

ताईंनी तालुक्याला स्वतःच्या सहीचा अर्ज देऊन पासवर्ड बदलून घेतला, तोवर माझी मुदत गेली होती. दाखला हुकल्याच्या दुःखापेक्षा त्या हसण्याची लाज आज जास्त टोचते.

तुमच्या सरपंचबाईंना पासवर्ड माहीत आहे का, आजच जाऊन विचारा. नसेल, तर तो बदलून होईपर्यंत तिथून हलू नका.