हाताची ऊब

लेकीकडे अमेरिकेला गेले होते, तेव्हा तिनं मला डोंगरातला एक ओढा दाखवायला नेलं. पाणी इतकं गार की बोटं बधिर व्हावीत. तिनं एक दगड अलगद उचलला. खाली बोटभर लांबीचा, पालीसारखा दिसणारा ओला, चकचकीत जीव चिमुकल्या हातांनी वाळूला धरून बसला होता.

"सॅलमँडर. आता फार थोडे उरलेत," ती कुजबुजली.

न राहवून मी हात पुढे केला.

"आई, नको! आपल्या हाताची ऊब सोसत नाही त्याला."

मी हात मागे घेतला. ऊब कुणालाही हवीच असते, असं मला जन्मभर वाटत आलं. कुणी रडलं की जवळ घ्यायचं, कुणी गप्प बसलं की पाठीवरून हात फिरवायचा. लेक मात्र लहानपणी जवळ घेतलं की अंग चोरायची. "शिष्ट आहे आमची," असं मी हसत चारचौघांत सांगायचे.

तिनं दगड होता तसा परत ठेवला, इतक्या जपून की पाणीही गढूळ झालं नाही.

उतरताना तिनं विचारलं, "गारठलीस का गं?"

"नाही," म्हटलं. तिच्या पाठीवरून न फिरवता शालीतच ठेवलेले माझे हात चांगले गरम होते.