अनंतकाळवाल्या मावशी

आमच्या घरमालकीण मावशींइतकं निवांत माणूस अख्ख्या नाशकात सापडायचं नाही. मेल्यावर आपण पुन्हा उठणार आणि मग कायमचं जगणार, यावर त्यांचा इतका पक्का विश्वास, की कुठलंही काम आजच उरकावं असं त्यांना वाटतच नाही. रविवारी त्या चर्चला पोचतात तेव्हा पाळकसाहेब शेवटच्या आशीर्वादावर आलेले असतात. मी आठवीतून शाळा सोडलेला, किनवटकडून पोटासाठी आलेला, सिन्नरच्या एका कंपनीत पॅकिंगला. बस चुकेल, खाडा पडेल, घरी कुणी आजारी पडेल, ही धास्ती कायम. अशा माणसाला नेमकी यांचीच खोली मिळाली. सकाळी माझी बस सुटायला आलेली असते आणि मावशी बारीक गॅसवर चहा ठेवून म्हणतात, "बस रे. अनंतकाळ पडलाय." त्यांचा पडला असेल, आमचा सुपरवायझर तसलं काही मानत नाही. तरी तो चहा सोडवत नाही. परक्या गावात माझ्यासाठी गॅस पेटवणारं दुसरं आहे कोण?

मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी असंच लांबवलंय. "उठेन तेव्हा नवे डोळे मिळणारच आहेत, दोनदा कशाला त्रास?" डॉक्टर म्हणाले, "तोवर रस्ता कसा ओलांडणार?" मावशी म्हणाल्या, "हात धरायला हा आहे की." हा म्हणजे मी.

मनमाडच्या थोरल्या बहिणीशी धरलेला अबोलाही त्यातलाच. एका नाताळात तिनं पाहुण्यांदेखत यांच्या करंज्यांना दगड म्हटलं होतं. मी म्हणायचो, "मावशी, एक फोन तरी करा." "वर भेटणारच आहोत. तिथं बोलू."

मध्यंतरी मनमाडहून त्यांच्या भाच्याचा फोन आला. आईला दम्यानं पार धरलंय, डॉक्टर खात्री देत नाहीत. मी पिशवी भरेपर्यंत मावशी फाटकाबाहेर. चांदवडला एसटीचा ड्रायव्हर चहाला उतरला, तर त्याला असं सुनावलं की बिचारा अर्धा कप ठेवून परत आला. मला राहवेना. म्हटलं, "मावशी, वर भेट ठरलेलीच आहे ना? मग एवढी तगमग कशाला?"

"भेटेल रे," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "पण तेव्हा तिचा दमा गेलेला असेल, राग गेलेला असेल. सगळं नवं. ही माझ्या वेणीला हिसका देणारी, तोंडाळ, ती मला इथंच भेटायला हवी."

बहीण उशांना टेकून धापा टाकत होती. मावशींना बघून म्हणाली, "इतक्या लवकर आलीस?"

"हो, जरा घाईतच निघाले," मावशी म्हणाल्या आणि तिचा हात धरून बसल्या.

मी व्हरांड्यात येऊन किनवटला आईला फोन लावला. "काय झालं रे?" ती घाबरून म्हणाली.

"काही नाही," म्हटलं. "तू बोल."