चरकाच्या आवाजात

‘याचे पार्ट आता मिळत नाहीत, मॅडम.’ हे वाक्य बोलणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा स्क्रूड्रायव्हरसुद्धा नसतो, मोबाइल असतो. तो मशीनचं झाकणही उघडत नाही. फोटो काढतो, मान हलवतो आणि नव्या मशीनचे गुण सांगायला लागतो. अशी माणसं मी इतकी पाहिली आहेत की एव्हाना त्यांचा कंटाळा यायला हवा होता. येत नाही. रागच येतो.

सिडकोत माझा एक गाळा आहे. कंपन्यांनी मेली म्हणून सांगितलेली धुलाईची जुनी मशीनं मी तिथे चालू करते. एकाची मोटार, दुसऱ्याचा टब, तिसऱ्याचं बटण, असं करत तिघांतून एक उभं राहतं. त्याआधी वीस वर्षं अंबडला एका कारखान्यात मोटारी भरायचं काम केलं, म्हणजे मोटारीच्या पोटात तांब्याच्या तारेचे वेढे घालायचे. कारखाना बंद पडला, हात बंद पडले नाहीत. अजूनही गाळ्यात नवीन माणूस आला की विचारतो, ‘मिस्त्री कुठे गेले?’ मी म्हणते, ‘मीच मिस्त्री.’ तरी तो माझ्या पाठीमागे डोकावून बघतोच.

हा नाद मला आईच्या चरकामुळे लागला. मी शाळेत असताना देवळाली कॅम्पात एका लष्करी अधिकाऱ्याची बदली झाली आणि घरातलं सामान त्यांनी विकायला काढलं. त्यातून वडिलांनी एक परदेशी मशीन आणलं. चार पायांवर उभा पांढरा गोल टब, आत कपडे घुसळणारा दांडा, आणि वर रबराचे दोन रोलर. ओला कपडा रोलरमध्ये धरायचा, हँडल फिरवायचं, की पलीकडून पापडासारखा चपटा होऊन बाहेर यायचा. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘हा तर रसवंतीचा चरक.’ तेव्हापासून आमच्या घरात त्याला कुणी मशीन म्हटलं नाही.

चरक चालू झाला की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू यायचं नाही, इतका त्याचा आवाज. आईने त्या आवाजाचा उपयोग केला. वडिलांच्या कानावर जाऊ नये असं जे काही असायचं, ते ती मला चरकाजवळ सांगायची. तिच्या बहिणीच्या घरचं भांडण, माझी पहिली पाळी, मला आयटीआयला घालण्यासाठी तिने गुपचूप आणलेला फॉर्म, सगळं मी चरकाच्या आवाजात ऐकलं. टायमरची चावी भरलेली असायची. घंटा वाजून मशीन थांबायच्या आत बोलणं संपवायचं, हा नियम. एखादं वाक्य उरलं तर आई चावी पुन्हा भरायची.

वडील गेल्यावर आई दादाकडे गंगापूर रोडला राहायला गेली, आणि चरकही तिच्यासोबत गेला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मागच्या बाल्कनीत चरक बसला. दरवर्षी खंडेनवमीला आई त्याच्या हँडलला हळदकुंकू लावायची. गेल्या वर्षीही लावलं. आणि दुसऱ्याच दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, माझ्या भावाने एक्स्चेंजमध्ये चरक देऊन नवीन मशीन आणलं. कुंकू ओलं होतं हो! कुणाला विचारलं नाही. मला तर नाहीच, पण जी बाई चाळीस वर्षं ते वापरत होती तिलाही नाही. तिला सांगितलं, ‘आई, सरप्राइज आहे.’

तेव्हाच मी भांडायला हवं होतं. पण मला वाटलं, जाऊ दे, त्याचं घर आहे.

दिवाळीनंतर एका मंगळवारी दुपारी मी आईकडे गेले. घरात ती एकटीच होती. खोलीत फिनेलचा वास भरून राहिला होता. खाली पडलेलं तिचं औषध उचलायला वाकले, तर खाटेखाली पाटाने झाकलेली बादली दिसली. पाट सरकवला. आत भिजवलेली चादर होती. मी आईकडे पाहिलं, आईने खिडकीकडे पाहिलं. मग हळूहळू तिने सांगितलं. पावसाळ्यापासून तिचं अंथरूण ओलं होत होतं. रोज पहाटे. दुपारी दादा आणि वहिनी कामावर असायचे. तेव्हा ती चरक लावायची, रोलरमधून चादर पिळून काढायची, आणि संध्याकाळी ते घरी येईपर्यंत चादर वाळून पुन्हा खाटेवर घातलेली असायची. चार महिने कुणाला पत्ता लागला नाही. एका चरकाच्या जिवावर ती बाई त्या घरात मान वर करून वावरत होती.

‘मग नवीन मशीन लाव ना,’ मी म्हणाले.

‘ते चुगली करतं,’ आई म्हणाली.

तिने एकदा लावलं होतं. वहिनीचं बघून बटण लक्षात ठेवलं होतं. धुणं संपताच त्या मशीनने दादाच्या मोबाइलवर निरोप पाठवला, आणि ऑफिसातून दादाचा फोन आला, ‘आई, मशीन कोणी लावलं? सकाळीच तर धुतले सगळे कपडे.’ आईने चहा सांडल्याचं सांगितलं. दुसऱ्यांदा दूध सांडलं. तिसऱ्यांदा तिला काही सांडता येईना. तेव्हापासून ती न्हाणीघरात उकिडवी बसून हाताने चादर धुवत होती. मनगटं सुजली होती. फरशी ओली, गुडघे असे दुखरे. एक दिवस पाय घसरला असता तर?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथूनच दादाला फोन लावणार होते, पण आईने माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. ‘माझी शपथ आहे. त्याला नको, तिला तर नकोच नको. मला फक्त माझा चरक आणून दे.’

संध्याकाळी मी दादाला फोन केला. ‘आईचं मशीन परत आण.’

‘अगं, तिला आराम पडावा म्हणून तर नवीन घेतलं.’

‘तिला विचारलंस?’

‘तुला या भंगाराचा एवढा पुळका का? तुझ्या गाळ्यात कमी आहे का?’

उत्तर माझ्या जिभेवर होतं, ते गिळावं लागलं. खरं कारण सांगता येत नसताना भांडणं यासारखा छळ नाही. तो शांतपणे समजूत घालत राहिला आणि मी वेड्यासारखी ओरडत राहिले. शेवटी तो म्हणाला, ‘तू ना, माणसांपेक्षा मशीनवर जास्त प्रेम करतेस.’ मी फोन आपटला. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान गाठलं. दुकानदाराने गोदामाकडे बोट दाखवलं, गोदामवाल्याने भंगार बाजाराकडे. तीन दिवस मी अंबडकडच्या भंगाराच्या वखारी पालथ्या घातल्या. एका वखारीत चाचा नटबोल्ट निवडत बसले होते. माझ्या ओळखीचे, माझ्या अर्ध्या पार्टांचं माहेर म्हणजे त्यांची वखार. ते नटबोल्ट ज्यात टाकत होते तो पांढरा गोल टब होता. शेजारी रोलरची चौकट पडली होती, हँडलवर कुंकवाचा थर जसाच्या तसा.

‘चाचा, याची मोटार?’

‘मोटर का क्या रहता ताई, तांबं निकाललं की संपली. टब घ्यायचा तर घे. तुझाच हाय म्हणतेस तर असाच ने.’

मी तिथे टबावर हात ठेवून रडले. रागाने रडले. चालू मशीन होतं ते! चालू मशीनचा कोथळा काढून मूठभर तांबं विकलं होतं.

पुढचा दीड महिना मी बाकी कामं बाजूला ठेवली. एका मेलेल्या मशीनची मोटार घेतली आणि मापाप्रमाणे स्वतः भरली. दांडा फिरवणारी दातेरी चाकं चाचांनी दुसऱ्या वखारीतून शोधून दिली. एक दात तुटका होता, तो वेल्डिंगने भरून कानशीने घासला. पट्टा गिरणीवाल्याकडून आणला. रोलरचं रबर दगड झालं होतं. छापखान्यांच्या रोलरला रबर चढवून देणारे अंबडमध्ये आहेत, त्यांनी ‘याला कोण वापरणार?’ म्हणत नाक मुरडलं, पण चढवून दिलं. सगळ्यात जास्त घाम टायमरने काढला. त्याची स्प्रिंग गेलेली. चार वेगवेगळ्या टायमरच्या स्प्रिंगा लावून पाहिल्या. कुठली लवकर सुटायची, कुठली अडायची. पाचवी बसली. पाच मिनिटांची चावी भरली की पाचव्या मिनिटाला टण्, आणि मशीन गार. मी स्वतःवरच खूश झाले.

रंग मात्र दिला नाही, आणि हँडलवरचं कुंकूही पुसलं नाही.

रविवारी टेंपोत घालून चरक दादाकडे नेला. टेंपोवाल्याने आणि वॉचमनने तो वर चढवला. वहिनी दारातच म्हणाली, ‘वन्सं, अहो हे कुठे ठेवायचं?’ मी त्या दोघांकडून तो सरळ बाल्कनीत उभा करवून घेतला, पाणी भरलं, एक टॉवेल टाकला आणि पाच मिनिटांची चावी दिली. चरक घुमायला लागला. तोच जुना आवाज. आई खोलीतून भिंत धरत बाहेर आली आणि बैठकीच्या खुर्चीत बसली. तिचा चेहरा मी इतक्या दिवसांत असा पाहिला नव्हता.

‘चालतंय, छान. झालं समाधान?’ दादा म्हणाला. ‘आता घेऊन जा. इथे जागा नाही.’

मी समजावलं. तो मान हलवत राहिला. ‘मला एक कारण सांग. एक.’

आणि मी ठरवलं, शपथ थोडीशी मोडायची. फक्त त्याच्यापुरती, आणि फक्त चरकाच्या आवाजात. तिथे बोललेलं कधी बाहेर गेलं नव्हतं. मी त्याची बाही धरून त्याला मशीनजवळ ओढलं आणि सांगायला लागले.

‘काय? ऐकू येत नाही.’

मी आवाज चढवला. वीस वर्षं कारखान्यात यंत्रांवरून ओरडून बोललेली बाई मी, माझा चढलेला आवाज कसा असतो ते मला ठाऊक आहे.

‘काय म्हणतेस?’

टायमर टण् वाजला. आणि एकदम शांत झालेल्या घरात माझं वाक्य एकटंच पुढे गेलं, ‘...अंथरुणात लघवी होते तिला, रोज! म्हणून!’

वहिनीच्या हातात पाण्याचा ग्लास होता. टेंपोवाला स्वतःच्या चपलांकडे बघायला लागला. वॉचमन जिन्याकडे वळला. दादाचं तोंड उघडं होतं. मला आईकडे बघायचं नव्हतं. बघितलं.

ती उठली. भिंत धरली नाही. बाल्कनीत आली, टबातून टॉवेल काढला, त्याची कड रोलरमध्ये धरली आणि हँडल फिरवलं. टॉवेल चपटा होऊन बाहेर आला.

‘टायमर अगदी वेळेवर वाजतो,’ ती मला म्हणाली.

मग दादाकडे वळली. ‘आता सगळ्यांना कळलंच आहे, तर माझ्या खाटेखाली बादली आहे. ती आण.’

दादा आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा बादली त्याने दोन्ही हातांनी धरली होती.

चरक आता तिथेच आहे. डॉक्टरांना दाखवून झालं, औषधही चालू आहे, आणि वहिनी कुणाला वाईट वाटेल असं एक अक्षर बोललेली नाही. जिच्यावर राग काढावा अशी त्या घरात एकच व्यक्ती उरली आहे, आणि ती, म्हणजे मी, दर गुरुवारी येते, चरकाला तेल घालते आणि गिअर तपासते.

मी चावी भरते. आवाज सुरू झाला की मी पूर्वीसारखी टबाला टेकून उभी राहते आणि वाट बघते. आई तिच्या खुर्चीतून उठत नाही. जपमाळ ओढत बसून राहते. घंटा वाजते, घर शांत होतं, आणि मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, ‘चहा टाकू का तुला?’