ओळ कुणावर होती

इस्त्रीवालीच्या दुकानाबाहेर एक काळी पाटी असते. ‘कपडे तयार आहेत’ एवढंच तिच्यावर लिहायचं. पण खडू हाती आला की बाईचा हात ऐकत नाही. ओळ उतरून जाते, आणि रस्ता ओलांडून पलीकडून वाचते तेव्हा कुठे तिला कळतं, आपण काय लिहिलं. तोंडाचंही तसंच. घरात तिचं नावच पडलं होतं फटाकडी.

मागे एकदा असंच लिहून गेली : ‘शर्ट कडक करून देऊ. आतला माणूस मऊ हवा, ते तुमचं तुम्ही बघा.’

गल्ली हसली. थोरला भाऊ हसला नाही. तो बँकेच्या दारावरचा पहारेकरी. गणवेश पुठ्ठ्यासारखा ताठ लागतो. बायको भांडून माहेरी गेलेली. त्याने पाटी वाचली, कपड्यांचं गाठोडं काखेत मारलं आणि गेला तो गेलाच.

आईवडलांमागे तिला माहेर म्हणजे हा एकटा. तिने माफीची ओळ लिहायला घेतली. विचार करून लिहू गेली, तर खडू जागचा हलेना. ‘क्षमस्व’ लिहिलं; दुकान बंद असल्यासारखं दिसलं. पुसलं.

“आज पाटीची दातखीळ बसली का, वहिनी?” शेजारच्या चहावाल्याने विचारलं.

“तुझी बसली तर गल्ली सुखी होईल!”

हे कसं फटकन सुचलं? तिला तिचंच नवल वाटलं.

दुपारी भाऊ आला. रिकाम्या हातांनी.

“फटाकडे, एवढंच सांग. ती ओळ माझ्यावर होती का?”

‘नाही’ म्हटलं असतं तर मिटलं असतं. ती म्हणाली, “दादा, मलाच कळत नाही रे. लिहिताना तू मनात नव्हतास. वाचताना होतास.”

त्याने इस्त्रीतल्या निखाऱ्यांवरची राख फुंकली.

“मी दोनदा गेलो होतो तिला आणायला. सगळं पाठ करून. ती म्हणाली, हे कुणी शिकवून पाठवलं? आज तू चल.”

“आणि काय बोलू?”

“तोंडाला येईल ते.”

तिने निखारे विझवले, कुलूप लावलं. चालता चालता तोंडाला काय येतंय ते चाचपू लागली. काहीच येईना.

“दादा, आणि आलंच नाही तर?”

तो पुढे चालत होता. “तेच सांग,” म्हणाला.