जावयाच्या आंघोळीची गोवरी

आमच्या जावयांना कोमट पाणी चालत नसे. पुण्यात कंपनीत लागल्यापासून त्यांच्या अंगाला कढत पाणीच सोसायचं, नाहीतर सर्दी व्हायची, आणि त्यांची सर्दी म्हणजे अख्ख्या घराचं आजारपण. नागपंचमीला माहेरी आलेल्या माझ्या नणंदेला न्यायला ते यायचे आणि चांगले मुक्काम ठोकून शेतीवर बोलायचे. स्वतः दारची तुळससुद्धा लावलेली नव्हती, पण त्यामुळे बोलण्यात कधी खंड पडला नाही.

त्यांच्या एका आंघोळीपायी आमच्या घरातलं एक बियाणं गेलं. कसं गेलं ते मला ठाऊक होतं, आणि मी गप्प राहिले.

नव्वदच्या सुमाराला आमच्या जुन्नरकडे ज्याच्या त्याच्या रानात संकरित टोमॅटो आला होता. गोल, कडक, गाडीतून पडला तरी न फुटणारा. आमच्याही रानात तोच. सासूबाई, म्हणजे मी त्यांना आत्या म्हणते, परसात मोरीच्या पाण्यावर आपला वेगळा टोमॅटो लावायच्या. लांबट, आत सगळा गर, बिया मोजक्या. त्यांचं माहेर डिंभ्याच्या धरणात गेलं. गाव उठताना लोकांनी दारं-चौकटी काढून नेल्या, त्यांच्या आईने लेकीच्या ओच्यात हे बी बांधलं. उन्हाळ्यात आत्या तो टोमॅटो पातेल्यात आटवायच्या आणि ताटात थापून आंब्याच्या पोळीसारखी त्याची पोळी वाळवायच्या. पावसाळ्यात आमटीत त्या पोळीचा तुकडा पडायचा. सासरे रानातल्या टोमॅटोला 'माल' म्हणायचे आणि परसातल्याला 'हिचं खेळणं'. जेवताना मात्र त्यांना खेळणंच लागायचं.

बियाण्याची रीत अशी. सगळ्यात चांगल्या झाडावरच्या फळाला आत्या लुगड्याची चिंधी बांधायच्या. त्या फळाला कुणी हात लावायचा नाही. ते पिकून मऊ पडलं की त्यातलं बी ओल्या शेणात घालून गोवरी थापायची, वाळवायची आणि चुलीवरच्या फळीवर ठेवायची. धुराने कीड लागत नाही. गणपती गेले की गोवरी कुस्करून वाफ्यात टाकायची, बी आणि खत एकदमच.

मी आण्याच्या पठारावरची. आमच्याकडे प्यायच्या पाण्याची मारामार, परस कोण करतंय? गोवरी जाळायची असते, एवढंच माझं शिक्षण. आत्यांनी फळीवरची गोवरी मला दाखवली होती आणि मी मान डोलावली होती. नवी सून मान डोलावते तेव्हा तिने ऐकलेलं असतंच असं नाही.

त्या श्रावणात झड लागलेली. सरपण ओलं, बंब नुसता धुमसतोय, आणि ओसरीवरून जावयांचं चाललेलं, "पाणी काढताय का विहीर खणताय?" मी फळीवर हात घातला, कोरडी गोवरी मिळाली, मोडून बंबात सारली. आत बी तडतडलं तेव्हा मला आठवलं. चिमट्याने ओढेपर्यंत राख झाली होती.

मग मी जे केलं त्यात माझं डोकं चांगलं चाललं. रानातला एक पिकलेला टोमॅटो आणला, त्याच्या बियांची गोवरी थापली, चुलीपाशी वाळवली आणि फळीवर ठेवून दिली.

गणपतीनंतर आत्यांनी तीच वाफ्यात टाकली. फळं धरली ती गोल. आत्या रोज परसात जाऊन बघायच्या. त्यांनी ती आटवली तर पातेल्यात राहिलं आंबट पाणी आणि सालं. सासरे म्हणाले, वाण फिरला असेल. शेजारीण म्हणाली, वय झालं की हाताचा गुण जातो. आत्यांना ते पटलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी परसात काही लावलं नाही. पुढे लोणच्याच्या फोडींनाही त्या हात लावीनात. "तूच घाल बाई, माजा हात उतरलाय," म्हणायच्या. मी घालायचे. लोणचं चांगलं व्हायचं आणि लोक माझ्या हाताचं कौतुक करायचे. तेही मी ऐकून घेतलं.

अशी वर्षं गेली. सासरे गेले, घरात गॅस आला. जावयांची नोकरी संपली आणि त्यांना गावरान खाण्याचं वेड लागलं. एका पंचमीला ताटावर बसून म्हणाले, "तो तुमचा लांबट टोमॅटो काय होता राव! पण तुम्हा लोकांना किंमत नाही. बी जपता आलं नाही तुम्हाला."

आत्यांनी खाली बघितलं. "माजाच हात उतरला, पावणं."

मला त्या माणसाचा इतका राग आला की माझ्या तोंडून खरं निघालं. पश्चात्ताप वगैरे नंतर.

"हात नाही उतरला आत्या. बियाची गोवरी मी बंबात घातली. यांच्या आंघोळीला. फळीवर ठेवली ती दुसरी."

जावयांचा घास हातात राहिला. आत्या माझ्याकडे वळल्या.

"पानी तरी कढत झालं व्हतं का?"

मी काही बोलायच्या आत जावई म्हणाले, "छे, कोमटच होतं. मला आठवतंय, सर्दी झाली होती."

आत्या हसल्या नाहीत. आपला उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला. "म्हंजी माज्या हाताला कायच झालं न्हवतं."

"नाही."

"आन तू बगत व्हतीस."



त्या वर्षी गणपती झाल्यावर त्यांनी मला दुकानातून टोमॅटोचं बी आणायला लावलं, कुठलंही. डिंभ्याचं ते काही परत येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तरी चांगल्या झाडावरच्या फळाला त्या चिंधी बांधतात. संकरिताचं बी, दरवर्षी फळ वेगळंच निघतं. लोणचंही आता त्याच घालतात. मीठ जास्त पडतं, पण कुणी बोलत नाही.

गोवरी मात्र फळीवर नसते. आत्यांच्या पत्र्याच्या पेटीत असते, लुगड्यांच्या खाली, कुलपात, आणि किल्ली त्यांच्या कमरेला.