सुवर्णाची काळी गाडी

“दादा, ही गाडी नखरेल नाय, तिला फक्त रोज काम पाहिजे,” असं माझी धाकटी बहीण सुवर्णा एकदा सहज म्हणाली होती. तेव्हा तिच्या हातात झेंडूचं क्रेट होतं आणि ते ती माझ्या गाडीच्या मागच्या सीटच्या जागी सरकवत होती. सीट काढून टाकली होती. खाली ताडपत्री होती.

मी त्या गाडीला काम सोडून सगळं दिलं होतं. २०१० साली निफाडच्या रस्त्यालगतचा वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा विकला आणि ही काळी जर्मन गाडी घेतली. इंजिनाला सुपरचार्जर होता, म्हणजे इंजिनावरच्या पट्ट्यानं फिरणारा आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. पाय थोडा दाबला की बारीक शीळ वाजायची आणि पाठ सीटला चिकटायची. मी तिला फक्त रविवारी बाहेर काढायचो. गंगापूर धरणापर्यंत जायचं, परत यायचं, मऊ फडक्यानं पुसायचं, कव्हर घालायचं. आठवडाभर ती पार्किंगमध्ये झाकलेली. मग एका रविवारी बॅटरी मेलेली, पुढच्या वेळी पट्टा कडक होऊन तडकलेला, नंतर कसलासा दिवा लागलेला. मी इंजिनीअर माणूस. वर्कशॉपवाल्यांशी इंग्रजीत भांडायचो. शेवटी ती सुरूच होईना, आणि कव्हरवर कबुतरं बसू लागली.

सुवर्णा बारावीच्या पुढे शिकली नाही. मी पुण्यात होस्टेलवर होतो, तेव्हा ती आमच्या वडिलांबरोबर, अण्णांबरोबर, द्राक्षबागेत ट्रॅक्टर चालवायची. ट्रॅक्टरमागे फवारणीचा ब्लोअर असायचा. त्याचा आवाज जरा बदलला की ती खाली उतरून हात लावायची. “बेअरिंग बोलायला लागलंय अण्णा,” म्हणायची, आणि दोन दिवसांनी ते खरंच जायचं. अण्णा हे पाहुण्यांना सांगायचे. माझे मार्कही सांगायचे, पण ते नंतर. विसाव्या वर्षी तिचं लग्न मखमलाबादच्या सोमनाथशी झालं. त्यांची फुलशेती, झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. ती पहिल्या वर्षापासूनच माल घेऊन नाशिकच्या फूलबाजारात जाऊ लागली.

कोरोनानंतर त्यांचा टेम्पोवाला गावी गेला तो परतलाच नाही. सुवर्णा माझ्याकडे आली आणि पार्किंगकडे बोट दाखवून म्हणाली, “ती तशीच पडून हाय ना? मला दे वापरायला.”

मी लगेच हो म्हणालो. माझ्या उदारपणाचं घरात कौतुक झालं. खरं सांगायचं तर मनात एवढंच होतं की आठ दिवसांत ही रडत परत येईल आणि मग सगळ्यांना कळेल, दोष माझा नव्हता. घरातच तर गाडी आहे म्हणून कागदांवरचं नावही कुणी बदललं नाही.

बहिरू नावाचा ट्रॅक्टर-मेकॅनिक दोरी बांधून गाडी घेऊन गेला. बॉनेट उघडल्यावर सुवर्णा म्हणाली म्हणे, “हा तर आपल्या ब्लोअरचा भाऊ निघाला.” दोघांनी पट्टा बदलला, बेअरिंग बदललं, टाकीतलं शिळं पेट्रोल काढलं. पुढे तिचे नेम ठरले. सकाळी सुरू केल्यावर दोन मिनिटं नुसती ऐकत बसायचं. गरम होईपर्यंत पाय जोरात द्यायचा नाही. बंद करण्याआधी थोडा वेळ तशीच चालू ठेवायची. ऑइलची तारीख दुधाच्या कॅलेंडरवर.

आठ दिवस झाले, महिना झाला, पावसाळा गेला. फोन आला नाही. मग मीच करायचो. “गाडी काय म्हणते?”

“कुठं काय म्हणती, चालती.”

पाच वर्षं हेच उत्तर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम फूलबाजारात गेलो. गर्दीत काळ्या बॉनेटवर शेवंतीची पिवळी पूड पडलेली. एक हमाल सुवर्णाला विचारत होता, “ताई, ही कुठल्या पार्टीची गाडी?”

“झेंडू पार्टीची. येतो का प्रचाराला?”

सगळे हसले. तीही हसली आणि हसता हसताच गाडी एका झटक्यात सुरू केली. ती शीळ मी ओळखली. माझ्याकडे असताना इतकी स्वच्छ ती कधीच वाजली नव्हती. पुढच्या सीटवर अण्णा बसले होते, काच खाली करून, कोपर बाहेर काढून. मी चालवायचो तेव्हा तीत बसताना ते चपला हातात घ्यायचे.

मी कुणालाही न भेटता घरी आलो. त्यानंतर सिग्नलला कुठलीही काळी गाडी दिसली की मी नंबर वाचायचो. ती कुठेतरी बंद पडलेली दिसावी, नुसतं एकदा, एवढंच मागणं होतं. हे मी बायकोलाही सांगितलं नाही.

यंदा गाडीला पंधरा वर्षं होत आली. पुन्हा पासिंग केल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही, आणि अर्जावर सही मालकाची लागते. एका मंगळवारी बाजार आटोपून अकराच्या सुमाराला सुवर्णा आमच्याकडे आली. केसांत झेंडूची पाकळी अडकलेली. सोफ्यावर न बसता तिनं अर्ज टेबलावर उलगडला.

“इथं सही कर दादा. बहिरूनं सगळं तपासून ठेवलंय. उद्या न्यायची.”

“बघू.”

“बघू काय? दहा दिवस राहिले.”

“गाडी माझ्या नावावर आहे ना?”

“म्हणून तर आले. नायतर मला काय हात नायेत सही करायला?”

मी म्हणालो, “दर रविवारी इथे आणून लाव. खाली, माझ्या जागेवर.”

“रविवारी तर बाजार जोरात असतो. तुला चालवायचीय का?”

“नाही.”

“मग?”

“उभी राहू दे.”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. ब्लोअरचा आवाज ऐकताना ती असंच बघायची. मग आवाज उतरवून म्हणाली, “दादा, आत्ता चल की खाली. तू चालव, मी बाजूला बसते. फुलांचा वास येईल, तेवढा सहन कर.”

मी उठायला हवं होतं. पण गाडी माझ्या हाताखाली बंद पडली असती तर ते मला सोसलं नसतं, आणि नीट चालली असती तर त्याहून नसतं.

“मी सही करणार नाही,” मी म्हणालो. “पंधरा वर्षांची गाडी. भंगारात देऊन टाकतो.”

स्वयंपाकघराच्या दारात हर्षाली, माझी बायको, कधीची उभी होती. ती म्हणाली, “अहो, तुम्ही निफाडची जमीन विकलीत तेव्हा सुवर्णाताईंनी हक्कसोडपत्रावर सही केली. स्वतःचा वाटा सोडला. त्यांनी घातली होती का काही अट? याच गाडीसाठी विकलीत ना ती जमीन?”

सुवर्णानं तो विषय पंधरा वर्षांत काढला नव्हता, आत्ताही काढला नाही. ती फक्त पेनकडे बघत होती. पेन माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होतं.

“ती सही तिनं राजीखुशीनं केली होती,” मी म्हणालो.

सुवर्णानं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात घराची, गोडाऊनची, पाण्याच्या मोटारीच्या पेटीची अशा किल्ल्या होत्या. गाडीची किल्ली घट्ट बसलेली. ती नखानं कडं उघडत राहिली. बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ आम्ही तिघंही त्या कड्याकडे बघत होतो. किल्ली निघाली. तिनं ती अर्जावर ठेवली, दाराशी जाऊन पायांत चपला सरकवल्या आणि बाहेर गेली.