देत्र्वाच्या मीनाक्षीकाकू

डेट्रॉइटला आल्यावर पहिले काही महिने मीनाक्षीकाकू गावाचं नाव ‘देत्र्वा’ असंच घ्यायच्या. पुण्यात त्या कॉलेजात फ्रेंच शिकवत. गिरीशकाकांना इथे मोटारींच्या कंपनीत काम मिळालं, म्हणून २००१ साली नोकरी सोडून आल्या. बघतात तर गावभर फ्रेंच नावांच्या पाट्या! तीनशे वर्षांपूर्वी फ्रेंचांनी नदीकाठी किल्ला बांधला आणि दोन सरोवरांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पाण्यावरून, म्हणजे फ्रेंचमधल्या ‘देत्र्वा’वरून, त्याला नाव दिलं. त्याचाच उत्सव त्या वर्षी चालू होता.

फ्रेंच बोलणारं मात्र कुणी भेटेना. ‘लिव्हेर्न्वा’ रस्त्याला लोक ‘लिव्हरनॉय’ म्हणत. काकू दुकानात, बसमध्ये, भेटेल त्याचा उच्चार सुधारायच्या.

“आई, प्लीज, स्टॉप इट!” शाळेत जाणारी रुचा वैतागायची. “एव्हरीबडी सेज इट लाइक दॅट.”

“मग एव्हरीबडी चुकतो,” काकू म्हणायच्या. काकांच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर त्यांना स्वतः नोकरी करता येत नव्हती. शिकवायची सवय जाणार कुठे?

शेजारी अर्ल ड्युबे राहायचे, कारखान्यातून रिटायर झालेले. एका हिवाळ्यात काकूंच्या दारातलं बर्फ काढून दिल्यावर ते चहाला आत आले.

“माझी आजी घरात फ्रेंच बोलायची,” ते म्हणाले. “आम्ही मुलं बाहेर निघालो की एक वाक्य म्हणायची. आशीर्वाद असावा. मी नातवंडांना तेच म्हणतो. बघा, कळतंय का.”

त्यांनी ते म्हटलं. काकूंना काही कळलं नाही. स्वर वाकडेतिकडे, शब्द एकात एक घुसलेले. सवयीने त्या सुधारायला गेल्या आणि थांबल्या. सुधारलं तर ते आजीचं वाक्य राहिलं नसतं.

“परत म्हणा. हळू.”

त्यांनी पुन्हा पुन्हा म्हटलं, आणि एकदम काकूंच्या कानात ते उलगडलं.

“जपून. बर्फ वितळतंय.”

अर्लनी कप खाली ठेवला. म्हणाले, “माझे आजोबा गोठलेल्या सरोवरावर मासे धरायला गेले होते. बर्फ फुटलं आणि ते बुडाले. माझ्या जन्माआधीच; मी त्यांना पाहिलंच नाही.” मग म्हणाले, “आणि मी इतकी वर्षं नातवंडांना उन्हाळ्यातसुद्धा हे सांगतोय.”

“सांगत राहा,” काकू म्हणाल्या. “आमच्याकडे निघणाऱ्याला ‘जपून जा’ म्हणतात. तो आशीर्वादच असतो.”

त्या दिवसापासून काकूंनी लोकांना सुधारणं सोडलं. अर्ल त्यांना सरोवराकाठच्या जुन्या घरांमध्ये घेऊन जायचे. तिथल्या म्हाताऱ्यांना फ्रेंच आठवायचं ते थोडंच, एखादी शिवी, एखाद्या पदार्थाचं नाव. काकू कान देऊन ऐकायच्या. ग्रीन कार्ड आल्यावर एका कॉलेजात त्यांना फ्रेंचचा संध्याकाळचा वर्ग मिळाला. पहिल्या तासाला त्यांनी पुण्यात शिकवलेलं पुस्तकी फ्रेंच बाजूला ठेवलं आणि मुलांना आपापल्या घराण्यातल्या फ्रेंच आडनावांपासून सुरुवात करायला लावली. अर्ल पहिल्या बाकावर होते.

२००८ साली काकांची नोकरी गेली. नवी मिळाली ती टेक्ससला, शुगर लँडमध्ये. रुचा तोवर इथल्याच युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवर राहायला गेली होती.

“तू येतेस ना?” काकांनी विचारलं.

काकूंनी वर्गाच्या वह्या पिशवीत भरल्या. मग म्हणाल्या, “सुट्टीत येईन.”

घर एकदम मोठं वाटतं, असं त्या मोकळेपणाने सांगतात. कधी कधी रडूही येतं. पण रविवारी आता त्याच गाडी काढतात, कारण अर्लना नीट दिसत नाही, आणि दोघं सरोवराकाठी कुणा नव्वदीच्या बाईंकडे गप्पा मारायला जातात.